यानवाल्यांची नऊ जाकिटं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातातली पेन्सिल सुटली आणि कापडावर आखायचा खडू आला. खडूनं सरळ रेघ मारता येते, पण लिहिताना ओळ खालीच जाते. हे मी मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. तरी कुणी वाचलंच, तर शिवण न येणाऱ्यालाही कळावं म्हणून बारीकसारीक सांगते.

त्या रविवारी दुपारी माझ्या खोलीत नऊ माणसं बसली होती. पलंगावर नऊ राखाडी जाकिटं घडी घालून ठेवलेली. येत्या शुक्रवारी ती घालून सगळ्यांना सिनेमाला जायचं होतं. पण सगळे एकाच मोबाईलकडं बघत होते आणि जाकीट कुणी उचलत नव्हतं. मला वाटलं, कुणाच्या घरून वाईट बातमी आली.

मी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत शकील मास्तरांच्या दुकानात शाळेचे ड्रेस शिवते. जितके नग शिवले तितकी मजुरी. केतकी मॅडम तिथंच भेटल्या. त्या शेंद्र्याला एका कंपनीत इंजिनिअर आहेत. कंपनीचा शर्ट ढगळ होतो म्हणून फिटिंगला आल्या आणि मोबाईलमधला एक फोटो दाखवून, अशी नऊ जाकिटं होतील का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, "स्कूल खुलने को आए. नौ पीस के वास्ते मेरा टेबल नक्को अटकाव." मग माझ्याकडं बघितलं. "तू घर पे कर ले, बाई. कपडे का पैसा मैं देता. काम हुआ तो लौटा देना."

माझं स्वतःचं असं ते पहिलं काम. गिऱ्हाइकाकडून आधी बयाणा मागायचा असतो. मला तोंड उघडता आलं नाही. म्हणून कापड, अस्तर, टिचबटनं, सगळ्याचे मिळून पाच हजार चारशे रुपये मास्तरांकडून उसने घेतले.

मापं द्यायला ते नऊही जण एकदाच आले. तेव्हा कळलं की हा एक ग्रुप आहे. मोबाईलवर एक मालिका होती. एक यान अवकाशात हरवलंय आणि त्यातली माणसं घर शोधतायत. कॅप्टन एक बाई आहे. दोन सीझन झाले आणि कंपनीनं मालिका बंद केली, कारण बघणारे कमी. शेवटी कॅप्टन एक दार उघडते आणि पडदा काळा होतो. दारामागं काय होतं ते कुणालाच कळलं नाही. ही माणसं तेव्हापासून वाट बघत होती. आता त्याच गोष्टीचा पुढचा सिनेमा येणार होता.

मी केतकी मॅडमना हळूच विचारलं, बघणारे कमी होते म्हणून बंद केली, मग सिनेमा कोण बघणार?

"आम्ही नऊ जण, मावशी," त्या म्हणाल्या.

मापं देतानाही त्यांचं भांडण चालू होतं, ते त्या फोटोवरून. फोटो म्हणजे सिनेमाचं पोस्टर, ग्रुपवर आलेलं. मालिकेत जाकिटावरची लाल पट्टी डाव्या खांद्यावर होती. पोस्टरमध्ये ती उजव्या खांद्यावर दिसत होती. एवढ्या एका पट्टीवरून ते चार दिवस ग्रुपवर भांडले होते आणि आता माझ्या खोलीत भांडत होते. निखिल म्हणून एक उंच पोरगा आहे, कॉम्प्युटरचं काम करतो. मी त्याच्या छातीला टेप लावला होता आणि तो बोलताना सारखा हात वर करायचा. एकदा छाती अडतीस आली, एकदा चाळीस.

"ती आपली कॅप्टनच नाय," तो म्हणाला. "ती दारापलीकडची आहे. तिकडं सगळं उलट, म्हणून पट्टी उजवीकडं."

"प्रमोशन झालं असेल बिचारीचं," केतकी मॅडम म्हणाल्या. "तुला कधी मिळालं नाय ना, म्हणून तुला सुचत नाय."

त्यांच्यात एक सर होते, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. ते म्हणाले की ड्रेसवाल्यानं चूक केली असेल. तेव्हा बाकीचे आठही जण मिळून सरांवर तुटून पडले. सिनेमावाले इतक्या वर्षांनी चूक करतील का, असं म्हणाले. सर चिडले आणि माझ्याकडं वळले.

"मावशी, फोटोत आहे तस्संच शिवा. तुमचं डोकं लावू नका."

मी मान हलवली.

आता इथं शिवणातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. गेंट्स शर्टाची डावी बाजू उजवीवर येते. लेडीजची उजवी बाजू डावीवर येते. का, ते मला माहीत नाही, मास्तरांनाही माहीत नाही, पण तसंच शिवतात. फोटोत कॅप्टनच्या मागं पाच पुरुष उभे होते. पाचही जणांची बटनपट्टी लेडीज बाजूची. पाचही जणांचं घड्याळ उजव्या हातात. आमच्यात नवशिकी बाई कापड उलटं पसरते आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवते. ते नुकसान एकदा अंगावर आलं की उलटं काही असलं तर डोळ्याला लगेच टोचतं. मला पहिल्याच दिवशी वाटलं, हा फोटोच उलटा आहे.

पण मी बोलले नाही. ती सगळी शिकलेली माणसं. दारापलीकडं काय असतं यावर ती तासभर बोलत होती. मला वाटलं, अवकाशात पुरुष लेडीज बाजूनं बटन लावत असतील. काय सांगावं? ते गेल्यावर माझ्या मोबाईलवर आलेला फोटो पुन्हा पुन्हा बघितला. दरवेळी उलटाच वाटला आणि दरवेळी वाटलं, आपल्याला काय कळतंय. शेवटी फोटोत होतं तसं शिवलं. पट्टी उजवीकडं, बटनपट्टीही लेडीजची. नऊच्या नऊ.

आणि त्या रविवारी सकाळी सिनेमाची खरी जाहिरात आली, हलणारी. त्यात पट्टी डाव्या खांद्यावर होती.

सगळे एकाच मोबाईलवर तीच पुन्हा पुन्हा बघत होते. मग निखिल खाली बघत म्हणाला की त्याला एक सांगायचंय. ग्रुपच्या नावाशेजारी लावायला त्यानं पोस्टरमधला फोटो घेतला होता. कॅप्टनचं तोंड नावाच्या उलट्या दिशेला येत होतं, म्हणून त्यानं फोटो आरशात दिसतो तसा उलटा फिरवला. तोच फोटो कुणीतरी पुढं पाठवला, तो चार जणांकडून फिरून त्याच्याकडं परत आला आणि तो त्याच्यावरच भांडत बसला.

"म्हणजे दारापलीकडची तूच बनवलीस," केतकी मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले की असली जाकिटं घालून गेलो तर लोक आपल्यालाच हसतील, मला नको. आणखी दोघांनी मान हलवली. मला समोर फक्त मास्तर दिसत होते. पाच हजार चारशे. माझी दोन महिन्यांची मजुरी गेली असती. कधी नव्हे ते मी बोलले, आणि नको तेच बोलले.

"मला वाटलंच होतं फोटो उलटा आहे," मी म्हणाले.

नऊही जणांनी माझ्याकडं बघितलं. मी बटनपट्टीचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं. केतकी मॅडमनी फोटो मोठा करून बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मग मावशी, बोलल्या का नाय?"

"तुम्ही लई बोलत होता," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

मग मी सांगितलं की पट्टी उसवून डावीकडं लावता येईल, शुक्रवारच्या आत. टिचबटनाला कापडात भोक पडतं, ते बुजत नाही, म्हणून बटनपट्टी तशीच राहील. शिलाईही घेणार नाही, फक्त कापडाचे माणशी सहाशे द्या. हे मी घाईनं बोलून गेले. केतकी मॅडम नको म्हणत होत्या, पण बाकीचे चटकन हो म्हणाले. मग त्यांचं नवीन भांडण सुरू झालं, की अर्धं उलटं घालणं वाईट की पूर्ण उलटं. ते कसं मिटलं मला कळलं नाही. शेवटी पट्टी फिरवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून निखिल कामावरून सुटला की उसवायला यायचा. त्याच्या हातात मी उसवणी दिली, शिवणीचा धागा कापायचं टोकदार अवजार. पहिल्या दिवशी त्यानं दोन जाकिटांचं कापडच ओढलं. मी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि सुईची भोकं नखानं चोळून बुजवली. त्याला ते फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं? ती तीच बाई आहे की दुसरी?"

मी विचार केला. "बाई तीच असेल. तुम्ही लोक बदलला असाल," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

शुक्रवारी ते गेले. शनिवारी केतकी मॅडम आठ जणांचे पैसे घेऊन आल्या. मी विचारलं, दारामागं काय होतं? त्या सांगायला बसल्या आणि अर्ध्या तासानंतर मला पहिल्यापेक्षा कमी कळत होतं. निखिल म्हणतो एक, त्या म्हणतात दुसरं. सिनेमा संपल्यावर पार्किंगमध्ये ते गाडीला किल्ली न लावता भांडत उभे होते. बटनपट्टी कुणाच्याच लक्षात आली नाही. दुसऱ्या एका ग्रुपनं मात्र, जाकिटं कुठं शिवली, असं विचारलं.

सर सिनेमाला शर्ट घालूनच गेले. त्यांचं जाकीट केतकी मॅडमनी परत आणलं, आणि निरोपही. "चूक दिसत असून शिवलं, त्याचे पैसे मी का देऊ?" निरोप ऐकून आधी राग आला, डोकं लावू नका कोण म्हणालं होतं? मग वाटलं, दोघांचंही खरं आहे. अजून मला ते नीट उलगडत नाही. ते जाकीट पावसात दुकानात जाताना मीच घालते. सरांच्या मापाचं आहे, ढगळ होतं, पण बटन मला बरोबर लागतं.

आता नवीन काम आलं की मी मापाच्या आधीच बोलते. आवाज अजून लहानच निघतो. गिऱ्हाईक "काय?" म्हणतं, मग दुसऱ्यांदा बोलते.

आठ जणांचे चार हजार आठशे मी त्याच दिवशी मास्तरांना दिले. सरांचे सहाशे माझ्या मजुरीतून, दर शनिवारी दोनशे. तिसऱ्या शनिवारी मास्तरांनी नोटा खिशात टाकल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं माझं नाव खडूनं खोडलं आणि म्हणाले, "हो गया, बाई. पूरा फिटला."