बावीस अर्ज, एकच मजकूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर मी साळसूदपणे हसून चहा विचारला असता. तसा मी गोड माणूस आहे. सगळे म्हणतात.

मी प्रोग्राम लिहितो. नवीन पनवेलला, मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस. माझ्या एका प्रोग्रामचा मला फार माज होता. त्याच्यापुढे कितीही वाक्यं टाका; सगळ्यांमध्ये, त्याच क्रमाने येणारे शब्द तो शोधून देतो. मध्ये दुसरे शब्द घुसले तरी चालतात, क्रम मोडता कामा नये. पहिल्या दोन वाक्यांत जे समान निघेल ते तिसऱ्याशी लावायचं, त्यातून जे उरेल ते चौथ्याशी. तांदूळ एकामागून एक चाळण्यांतून काढावेत, तसं. माणसं आपापल्या मनाने लिहितात तेव्हा दहाव्या अर्जापर्यंत दोन-तीन शब्द उरतात. बस.

अर्ज म्हणालो, नाही का? येतो तिकडेच. घाई कसली आहे तुम्हाला?

विचुंब्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. बावीस झोपड्या. कुणाच्याच नावावर जमीन नाही. वीटभट्टी, बांधकाम, पावसाळ्यात आमच्यासारख्यांची शेतं. तिथून रस्ता जाणार होता. ज्यांची झोपडी जुनी ठरेल त्यांना दुसरीकडे घर, बाकीच्यांनी चालू पडायचं. म्हणून सरकारने हरकतीचे अर्ज मागवले होते.

त्या वाडीतली हिराबाय आमच्याकडे आवणीला, भाताची रोपं लावायला यायची. मी लहान असताना बांधावर मला कडेवर घेऊन फिरलेली बाई. ती एका रविवारी आमच्या दारात आली. "दादा, तू शिकलेला हाय. वाडीवर ये नि परतेकाचं आयक. कुनाचा बाप तितं मेलाय, कुनी झाड लावलंय. जसं हाय तसं लिव."

मी गेलो का? रविवार होता. ऊन होतं. मी पायरीवर बसूनच एक कागद खरडला — 'सदर ठिकाणी आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या व आजतागायत वास्तव्यास असून' — असला भारदस्त मजकूर. नावाची जागा मोकळी सोडली. वर तिला बजावलं, सगळ्यांनी हेच उतरवा, एक शब्दही इकडचा तिकडे करू नका, नाहीतर अर्ज बाद होईल. तिने कागद पदरात गुंडाळला. तिची सून सुगंधा सातवी शिकलेली, ती लिहिणार होती.

दीड महिन्याने हरकती तपासायचं काम आमच्याच ऑफिसात आलं. आणि माझ्याच टेबलावर. हे मला आधी माहीत नव्हतं — पण ही सबब म्हणून सांगत नाही, तसं वाटत असेल तर वाटू द्या.

मी वाडीचे अर्ज प्रोग्रामला दिले. दोन झाले, पाच झाले, दहा झाले. शब्द गळेनात. बावीस संपले, आणि स्क्रीनवर माझा मजकूर जसाच्या तसा उभा. फक्त नावं गळली होती. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि खो खो हसले. "आजतागायत! ही माणसं असं बोलतात? कुणीतरी पढवलंय. सेम टू सेम आहे सगळं."

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही तेव्हाच कळलं होतं. सर, तो मजकूर मी दिला. माणसं खरी आहेत, झोपड्या खऱ्या आहेत, जाऊन बघा. एवढंच. नोकरी गेली असती? कदाचित बोलणी खाऊन भागलं असतं. पण माझ्या काकांची जमीन त्याच रस्त्याला लागून आहे, रस्ता अडला असता तर त्यांनी घरात माझं तोंड बघितलं नसतं. आणि खरं सांगू? मला हिराबायचाच राग आला. माझ्याच दारात का आली ही बाई?

मीही हसलो. साहेबांबरोबर. मग शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं : 'मजकूर एकाच नमुन्यावरून. अर्जदारांचे स्वतःचे म्हणणे नाही.' स्वतःचं म्हणणं! ते ऐकायलाच तर तिने मला बोलावलं होतं. जमीनमालकांची संमतीपत्रं पण होती, काकांचं धरून. ती सरळ छापील होती. त्यांच्यावर प्रोग्राम चालवा असं कुणी म्हणालं नाही, आणि मी चालवला नाही.

झोपड्या गेल्या. कुणालाच घर मिळालं नाही. तेही सांगून टाकतो, पण माझा खरा गुन्हा त्याच्याही पुढचा आहे.

हिराबाय परत आली. तक्रार करायला नाही. पायरीवर बसली, आत कधी आम्ही बोलावलंच नव्हतं. म्हणाली, "दादा, कागद खोटे ठरवले त्यांनी. तू येवडं चांगलं लिवून दिलं. आमच्याकडनंच येखादा शब्द हालला आसंल, नाय?"

तिच्या डोळ्यांत माझ्यापुढे ओशाळलेपण होतं. माझ्यापुढे! आणि मी म्हणालो, "हो. हलला होता एक."

ती उठली आणि म्हणाली, सुगंधाला इचारते. आता ती माणसं उलव्याच्या बांधकामांवर पांगली आहेत. सुगंधाकडून कुणी काही लिहून घेत नाही, तिच्या हाताला यश नाही म्हणतात. हे मला आमच्या आईने सांगितलं, भाजी निवडता निवडता.

ते बावीस अर्ज अजून माझ्याकडे आहेत. मी ते पुन्हा पुन्हा ताडून बघितले आहेत. सुगंधाने एकही शब्द हलवलेला नाही.