शाईपुरतं बोट

मतदार नोंदणी घरबसल्या होते, ही मोठीच सोय. मी चहा पिता पिता मोबाइलवर नाव नोंदवलं आणि गल्लीभर मिरवलं.

मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे शेजारच्या गंगूमावशी होत्या.

"मावशी, तुमचं नाव वगळलंय. स्थलांतरित," अधिकारी म्हणाला. "तुमच्याच नावानं ऑनलाइन अर्ज आलाय."

"मला मेलीला मोबाइल धरता येत नाही! लग्न होऊन आले, ती या गल्लीतून गेलेय कुठं मी?"

मी जितक्या सहज आत आलो, तितक्याच सहज कुणीतरी मावशींना बाहेर काढलं होतं. कदाचित चहा पिता पिताच.

मावशींनी बोट पुढं केलं. "मत राहू दे. शाई तरी लावा. सुना विचारतील."

अधिकाऱ्यानं बाटली हळूच आपल्याकडे ओढली आणि मला म्हणाला, "पुढचे, बोट."