न्यातीचे दात

आमच्या खोऱ्यात मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारली की तो अपमान झाला. हाक मारायची ती देवकावरून. सिंहाचं देवक असलेला शुम्बा, माकडाचं असलेला सोको, रानरेड्याचं असलेला न्याती. माटाविरे हा न्याती. त्याचा बाप न्याती, आजा न्याती. आणि या पठ्ठ्यानं पोटापाण्यासाठी धंदा कुठला धरला, तर परदेशी शिकाऱ्यांच्या पुढं चालून रानरेड्यांचा माग काढण्याचा.

हापशावरच्या बायका त्याला सोडत नसत. "काय न्याती, आज कुठल्या भावाचा पत्ता दिलास?"

"मी नुसतं बोट दाखवतो," तो म्हणायचा. "गोळी घालणारा वेगळा, आणि चाटूनपुसून खाणाऱ्या तुम्ही."

ते खरंही होतं. सत्तावीस वर्षं त्यानं हे काम केलं, पण देवकाचं मांस जिभेला लावलं नाही. रेडा पडला की शिकारी कॅम्पचा ट्रॅक्टर मांस घेऊन गावात यायचा, घरोघर वाटे जायचे, आणि हा आपल्या अंगणात तिकडं पाठ करून बसायचा. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दबलेल्या गवतावरून तो सांगायचा की रेडा पहाटे गेला का उन्हं चढल्यावर, आणि शेणाला बोट लावून सांगायचा की किती लांब असेल. बोलणं बेताचंच. एक काठी आणि तपकिरीची डबी घेतली की निघाला रानात.

देवक खाल्लं तर दात पडतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी न्यातीचे दात हलायला लागले. आधी समोरचे दोन गेले, मग दाढा, मग एकेक करत अकरा. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. हा कॅम्पच्या स्वयंपाकघरात चोरून खातो, दुसरं काय. लोक हसले आणि न्यातीही बोळक्या तोंडानं हसला. "मी खाल्लं नाही" असं एकदाही म्हणाला नाही. चोरट्या खाण्याचा आळ अंगावर घेणं त्याला सोयीचं होतं, कारण दात कशानं पडताहेत ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच्या बाजूनं भांडायची ती एकटी आत्या. सत्तरी ओलांडलेली, स्वतः न्यातीच, बापाची थोरली बहीण. हापशावर बादली आपटून म्हणायची, "माझा भाचा असलं काही खायचा नाही. तुमच्या जिभेला हाड नाही म्हणून बोलता." आणि रोज दुपारी त्याच्यासाठी भेंडीचं कालवण करायची, चावायला लागू नये इतकं मऊ, सोबत मक्याच्या पिठाचा सैलसर सादझा. कुंपणापाशी येऊन हाक मारायची, "न्याती, ये रे जेवायला."

हे प्रेम उगाच नव्हतं. आत्याची लेक लोकाडिया सहा वर्षांपूर्वी रानात बोरं वेचायला गेली आणि जखमी रानरेड्यानं तिला मारलं. त्या दिवशी न्याती कॅम्पचा मुख्य शिकारी नेव्हिल याला घेऊन रानात शिरला आणि तासाभरात तो रेडा गाठून पाडला. सगळ्या खोऱ्यात त्या तासाभराची गोष्ट झाली. लोक तोंडात बोट घालून ऐकायचे. आत्या म्हणायची, "तू होतास म्हणून माझ्या पोरीला मारणारा मोकळा फिरला नाही." आणि हा खाली मान घालून भेंडी गिळायचा.

आता खरं काय झालं होतं ते सांगतो.

लोकाडिया गेली त्याच्या पाच दिवस आधी शिकारीला आलेल्या एका पाहुण्यानं संध्याकाळी त्या रेड्याच्या पोटात गोळी घातली होती. जखमी जनावर सोडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याती मागावर निघाला, मागं नेव्हिल, त्याच्यामागं पाहुणा. भर दुपारी माग कोरड्या नाल्यातून वर चढून बोरीच्या दाट जाळीत शिरला. न्याती पुढं गेला आणि थांबला. आतून श्वास ऐकू येत होता, घरघरणारा, ओला. वीसेक पावलांवर रेडा उभा होता आणि याची वाट बघत होता. न्यातीची पाचावर धारण बसली. तसले रेडे त्यानं आधीही गाठले होते. त्या दिवशी मात्र पाय उचलेना. तो मागं वळला, नाल्यात उतरला आणि नेव्हिलला म्हणाला, "कळपात मिसळला. हद्द ओलांडून अभयारण्यात गेला. रक्तही थांबलंय, जगेल तो." नेव्हिलनं त्याच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. सगळे परत फिरले.

चौथ्या दिवशी लोकाडिया त्याच जाळीत बोरं वेचायला गेली. मग न्यातीला तासाभरात रेडा सापडला यात नवल ते काय? तो कुठं उभा आहे हे त्याला आधीच माहीत होतं.

पावसाळ्यात पहिला दात पडला तेव्हा त्याला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. देवकानं हिशेब चालू केला असं त्यानं धरलं. दर दाताबरोबर तो मनाशी म्हणायचा, फेडतोय मी. तोंड बंद ठेवायला एवढं कारण त्याला पुरत होतं.

यंदा कॅम्पवर ओबर्ग नावाचा म्हातारा आला. शहात्तर वर्षांचा, बायको वारलेली, आयुष्यभर लोकांचे दात दुरुस्त करून आता निवृत्त झालेला. माणूस लाख, पण हात थरथरत होता. कागदाच्या निशाणावर त्यानं तीन गोळ्या मारल्या आणि तिन्ही तीन दिशांना गेल्या. पाचव्या दिवशी त्यानं रेड्याच्या पुठ्ठ्यात गोळी घातली, आणि नेव्हिलनं तिथल्या तिथं आणखी दोन घालून तो पाडला म्हणून निभावलं.

निघायच्या दिवशी सकाळी ओबर्ग चिंचेखालच्या टेबलावर तीन कागद मांडून बसला. वारा होता, म्हणून प्रत्येक कागदावर एकेक चिंच ठेवलेली. पुढच्या वर्षी शेवटचा रेडा मारायचा आणि बंदूक नातवाला देऊन टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं. कुठं जायचं ते ठरत नव्हतं. एक कागद आमच्या खोऱ्याचा. दुसरा टांझानियाच्या माळांचा, तिथं कळप मोठे पण चालणं फार. तिसरा मोझांबिकमधल्या नदीच्या मुखाजवळच्या दलदलीचा, तिथं गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि दोन दिवसांच्या वाटेवर वस्ती नाही.

नेव्हिलनं न्यातीला आधीच बाजूला घेतलं होतं. "म्हाताऱ्याचा माझ्यावर नाही, तुझ्यावर विश्वास आहे. तो इथं येणार असला तर त्याचे चार मित्रही येतील. ते आले नाहीत तर पुढच्या वर्षी निम्मा कॅम्प बंद. चौदा जणांची चूल आहे, न्याती. इथंच ये म्हणून सांग, बाकी काही नको."

"बरं, बॉस," न्याती म्हणाला. तो सांगणारही होता.

पण ओबर्गनं आधी त्याला खुर्चीवर बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. खिशातला छोटा दिवा काढून आत बघितलं, हिरडी दाबली, नेव्हिलला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" न्यातीनं विचारलं.

"म्हणतोय, हिरड्यांचा साधा रोग आहे. तू तपकीर तोंडात धरतोस आणि दात घासत नाहीस. त्याच्या गावात अशी हजार माणसं त्यानं पाहिलीत."

"देवकामुळं नाही?"

नेव्हिल याच देशात वाढलेला, त्याला प्रश्न कळला. तरी त्यानं विचारलं. म्हातारा हसला आणि मान हलवली. "नाही म्हणतो. तपकीर सोड, उरलेले वाचतील."

न्यातीनं तोंड मिटलं. सहा वर्षं ज्याला तो फेड समजत होता ती तपकीर निघाली. म्हणजे लोकाडियापायी त्याला काहीच भोगावं लागलं नव्हतं. एक दातसुद्धा गेला नव्हता. उलट आत्याच्या हातचं आयतं जेवण मिळालं, गावात नाव झालं, तासाभराची गोष्ट झाली. त्याला स्वतःची किळस आली.

"आता सांग," नेव्हिल म्हणाला. "कुठं येऊ म्हणतोय."

न्यातीनं म्हाताऱ्याचे हात बघितले. चहाचा कप बशीवर वाजत होता. त्यानं दलदलीच्या कागदावर बोट ठेवलं.

"इथं जा म्हणावं. तिथं बोरं वेचायला कोणी बाई जात नाही."

नेव्हिलनं भाषांतर केलं नाही. "शुद्धीवर आहेस ना?"

"बॉस, लोकाडियाला मारणारा तो रेडा हद्द ओलांडून गेलाच नव्हता. जाळीत होता. मी घाबरलो आणि तुला खोटं सांगितलं."

लोकाडिया गेली त्या दिवशी नेव्हिलही आत्याच्या घरी गेला होता, टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. मग तो म्हाताऱ्याकडं वळला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, काही न गाळता. ओबर्गनं आपले हात टेबलाखाली घेतले आणि आमच्या खोऱ्याचा कागद दुमडून ठेवला.

"दुपारपर्यंत आवर आणि घरी जा," नेव्हिल न्यातीला म्हणाला. "माझ्यापुढं चालायला मला आता दुसरा माणूस शोधावा लागेल."

न्याती घरी गेलाच नाही. तो तडक आत्याच्या अंगणात गेला. ती चुलीवरचं भांडं उतरवत होती.

"आज लवकर? बस, भेंडी होतच आली."

"आत्या, मी तासाभरात रेडा गाठला, तो कसा गाठला माहीत आहे तुला?"

"तू न्याती आहेस. तुला नाही कळणार तर कोणाला?"

"चार दिवस आधी मी त्याला त्याच जाळीत सोडून आलो होतो. नेव्हिलला म्हटलं, लांब गेला. कोणाला सावध केलं नाही. आत जायची माझी छाती झाली नाही, आणि घाबरलो हे सांगायची लाज वाटली. चार दिवस होते माझ्या हातात, आत्या. नुसतं हापशावर येऊन सांगितलं असतं तरी पुरलं असतं."

आत्यानं पळी खाली ठेवली. "तुला दिसला होता?"

"नाही. श्वास ऐकू आला."

"किती लांबून?"

"इथून त्या कोंबड्यांच्या खुराड्याइतक्या."

ती खुराड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिचा उजवा कान लहानपणापासून गेलेला. तिला नसेल ऐकू आला."

न्यातीला ते माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, लोकाडियाशी बोलायचं तर डाव्या बाजूनं. तो मातीत बसून रडायला लागला. आत्या रडली नाही आणि त्याला गप्पही केलं नाही. तिनं ताटलीत सादझा वाढला, वर भेंडी घातली आणि त्याच्यापुढं सरकवली.

"जेव, माटाविरे," ती म्हणाली.

ओबर्ग दलदलीकडं गेला. कॅम्पवरची पाच माणसं घरी बसली आणि त्यांच्या बायका माटाविरेच्या नावानं बोटं मोडतात. तपकीर त्यानं सोडली, उरलेले दात शाबूत आहेत. आत्या अजून रोज त्याच्यासाठी भेंडी शिजवते, तितकीच मऊ. दुपारी ती कुंपणापाशी येऊन उभी राहते आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारते, "माटाविरे, ये जेवायला," आणि तो ओ देतो.