मावशीचं अर्धं तिकीट

वेणूमावशीने आपलं वय कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सुट्टीत आम्ही हैदराबादला गेलो, तिथल्या एका वस्तुसंग्रहालयाच्या तिकिटाच्या रांगेत माझ्या मुलीला शेजारचा बाहुल्यांचा खेळही बघायचा होता. "दोन्ही नाही परवडणार गं," मी तिला समजावत होते. तेवढ्यात मावशी खिडकीशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "साठीच्या पुढच्यांना अर्धं तिकीट ना? मला अडुसष्ट पूर्ण झालीत." सगळी रांग वळून बघायला लागली. काटकसर म्हणजे मन मारणं, इतकंच मला ठाऊक होतं. त्यात एवढी माया असू शकते, हे तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं. वाचलेल्या पैशांत खेळाचं तिकीट आलं. मुलीने विचारलं, "आजी, अडुसष्ट म्हणजे खूप असतात?"

"खूप," मावशी हसली, "म्हणून तर तुला बाहुल्या बघायला मिळणार!"