ताईच्या डुलकीचं मिनिट

आमच्या भावोजींइतका बिनचूक चित्रपट समीक्षक ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा नसेल, आणि पडद्याकडे त्यांच्याइतकं कमी बघणाराही. मानपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता ते एका साप्ताहिकात परीक्षणं लिहू लागले, तिथून वर्तमानपत्रात गेले आणि पुढे ठाण्याच्या एका महोत्सवासाठी चित्रपट निवडू लागले. या सगळ्या कारकिर्दीचा पाया एकच होता: माझी थोरली बहीण कितव्या मिनिटाला झोपते. घरी चित्रपट लावला की ताई वेताच्या खुर्चीत बसायची आणि भावोजी घड्याळ घेऊन तिच्यासमोर. तिची मान कलली की वेत करकरायचा आणि वहीत आकडा पडायचा. 'बाविसाव्या मिनिटाला दिग्दर्शकाची पकड सुटते' असं छापून आलं की लोक त्यांच्या नजरेची तारीफ करायचे. एका दिग्दर्शकाने तिथली चार मिनिटं कापून आभाराचं पत्रही पाठवलं होतं. थिएटरात ते तिच्याकडे तोंड करून तिरके बसायचे. मागच्या रांगेला वाटायचं, नवं लग्न झालंय. ताई वैतागायची, "अहो, मला झोप येते ती दिवसभर राबून. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?" भावोजी म्हणायचे, "राबणं रोजचंच आहे गं. मिनिट मात्र रोज वेगळं येतं." माझा जन्म आकडे तपासण्यात गेला, पण या युक्तिवादात मला चूक सापडलेली नाही.

ताई गेल्यावर पुढच्या महोत्सवाला ते नकार देतील असं मला वाटलं होतं. पण एका दुपारी त्यांनी मला कोलशेतच्या घरी बोलावून घेतलं. पडदे ओढलेले, पंखा बंद, खुर्ची तिच्या जागी. "घड्याळ तू धर. वही मी सांभाळतो." चित्रपट सुरू झाला आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती रिकामी खुर्ची करकरली. भावोजींनी वर न बघता एवढंच विचारलं, "किती?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दमट हवेत वेत फुगतो, उन्हात आकसतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तोच चित्रपट लावायला सांगितला, खुर्ची खिडकीपासून भिंतीशी नेली, पायांखाली वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. एक्केचाळीस. दुसरा चित्रपट अठरा, आणि पुन्हा लावला तरी अठरा. करकर झाली की पुढच्या शांत प्रसंगांत संथ श्वास ऐकू यायचा. मी माझा श्वास रोखून पाहिला. भावोजी पाणी आणायला आत गेले तेव्हाही ऐकून पाहिला. त्या दिवशी चहा न घेताच मी घरी आलो आणि बायकोला काही सांगितलं नाही.

यादीतला शेवटचा चित्रपट खडवलीच्या एका शिक्षकाने केलेला होता. दोन तास सहा मिनिटं. खुर्ची अखेरपर्यंत गप्प. मी उत्साहाने म्हणालो, "भावोजी, असं पहिल्यांदाच झालं! उद्घाटनाला हाच घ्या." त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"अरे, ती शेवटपर्यंत जागी होती," ते हळूच म्हणाले, "की आलीच नव्हती?"

याला माझ्याकडे आकडा नव्हता. त्यांनी कपाटातून एक जुनी सीडी काढली. ताईला हमखास झोपवणारा चित्रपट. "हा लाव. आताही खुर्ची वाजली नाही, तर उद्या महोत्सवाला नकार कळवतो. तिच्याशिवाय मला यातलं काही कळत नाही रे."

तीन मिनिटं गेली. पाच. आठ. खोलीत श्वास दोघांचाच होता, मी मोजला. भावोजी डोळे मिटून कान देऊन बसले होते, हातातलं पेन वहीवर टेकलेलं. मी सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचा आकडासुद्धा कधी अंदाजाने लिहिलेला नाही.

"नऊ, भावोजी," मी म्हणालो. "बारीक वाजली. ऐकू नाही आली तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले. "नऊ? या चित्रपटाला तिला कधी पाचच्या वर लागली नाहीत." बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर घड्याळावरून हलवली नाही. मग त्यांनी सावकाश नऊ लिहिलं.

"हळू बोल रे," ते म्हणाले. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."