पृथ्वी मांडीवर घेऊन पलूसला

पुण्याहून निघताना माझ्या मांडीवर पृथ्वी होती. शाळेत असतो तसला गोल आणि त्याच्याभोवती तिरका बांधलेला लाल दोरा. एकोणऐंशी सालचा जुलै होता. अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कक्षेतून घसरत होती आणि ती कुठे कोसळणार हे भल्याभल्यांना सांगता येत नव्हतं. मला मात्र येत होतं! दोरा म्हणजे तिचा मार्ग. दीड तासात एक फेरी, तेवढ्यात गोल जरासा पूर्वेकडे फिरवायचा, की ती या घटकेला कुठे आहे ते कळलंच. एवढ्या विद्येवर मी कचेरीत भाषणं ठोकत होतो.

ती ऐकून माझा सहकारी मारुती म्हणाला, "आमच्या गावी जाऊन ये. आबांना जरा समजाव." आबा म्हणजे त्याचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी सगळं गाव कामाला लावलं होतं म्हणे.

साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरने गोलाकडे बोट दाखवलं. "ह्ये काय?"

"पृथ्वी," मी ऐटीत म्हणालो.

"मग लगेज पडंल."

शेजारी कोयनानगरचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी दोऱ्याची सगळी हकीकत शांतपणे ऐकली. "आमच्याकडं जिमीन हालती," ते म्हणाले, "तवापास्नं आमी भाईर झोपायला शिकलो. आता वरनं पडायलंय म्हंता, तर झोपायचं कुठं त्येवडं सांगा." मी त्यांना कंदी पेढा दिला.

पलूसच्या अलीकडे फाट्यावर उतरून गावात शिरलो, तर उसाच्या बांधाला लागून खंदक खणलेले! एकाहत्तरच्या लढाईत खणले होते तसेच, आबांच्या देखरेखीखाली. गाळप बंद असल्याने साखर कारखान्याचा भोंगा रिकामाच होता, तोही आबांनी मागून घेतला होता. तुटक वाजला की सगळ्यांनी खंदकात उडी मारायची. एकसलग वाजला की धोका टळला. प्रयोगशाळा पडेपर्यंत टळल्याचा भोंगा वाजल्याशिवाय एकही गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा हुकूम होता.

हे सगळं अनावश्यक आहे, असं सांगायला मी आलो होतो. पण आबांनी चावडीवर "हे टेहळणीचे सायेब" अशी माझी ओळख करून दिली, पुढे टेबल आलं, गादी आली, आणि माझ्या तोंडून निघालं, "सुभेदारसाहेबांचा बंदोबस्त उत्तम आहे." स्तुती करणाऱ्याला मी सहसा दुखावत नाही.

"सायेब, आता कुठं हाय वो?" दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारी.

"ब्राझीलवर."

"लांब हाय न्हवं?"

"पुष्कळ."

माणूस निर्धास्त होऊन जाई. दुपारी आबांच्या घरून भाकरी, अख्खा मसूर आणि खर्डा (ठेचलेल्या हिरव्या मिरच्या) आला. शहाणपणा करून मी खर्ड्याचा मोठा घास घेतला. कान तापले, डोळ्यांना धारा लागल्या, लोकांनी दही आणलं, गूळ आणला, डोक्यावर पाणी थापटलं. या सगळ्या गडबडीत पृथ्वी फिरवायची राहूनच गेली. फेऱ्यांचा हिशेब चुकला. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि भानावर आल्यावर अंदाजाने गोल थोडासा ढकलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रेडिओ "आज पडणार" म्हणत असताना, आबांच्या घरातून हाक आली. धाकटी सून शालन, तिचे दिवस भरले होते आणि नवरा हिमालयाच्या टोकाला सीमेवर. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, मिरजेच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. रशीदभाई व्यापाऱ्यांची जीप दारात उभी होती. पण हुकूम होता.

आबा चावडीवर आले, माझ्यासमोर ताठ उभे राहिले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. "सायेब, रिपोर्ट द्या. वरचा रस्ता मोकळा हाय का?"

मी गोलाकडे पाहिलं. लाल दोरा होता, देश होते, समुद्र होते, आणि त्यातली प्रयोगशाळा कुठे आहे हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. मला खूप भीती वाटली. आबांच्या घरातून शालनचं ओरडणं ऐकू येत होतं. मी एक बोट टेकवलं आणि कधी नव्हे एवढ्या खणखणीत आवाजात म्हणालो, "कॅनडावर आहे. रस्ता मोकळा!"

कारखान्याकडे सायकलस्वार धावला. भोंगा सुरू झाला, मध्येच वीज गेली, आली, पुन्हा गेली. एकसलग भोंग्याचे तुकडे झाले. हां हां म्हणता सगळं गाव खंदकात! रस्त्यावर माणूस नाही, बैलगाडी नाही, कुत्रंसुद्धा नाही. काकींनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, शालनला जीपमध्ये घेतलं आणि मला गोलासकट मागे ढकललं. "बसा हितं! वर बगत ऱ्हावा, न्हाईतर खाली, पर तिचा हात सोडू नगा." सांगली ओलांडून मिरजेपर्यंत मी वर बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात रेडिओने सांगितलं, प्रयोगशाळा रात्रीच समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडली. आत शालनच्या कुशीत मुलगी झोपली होती. दोघी सुखरूप.

आबा मला मिरजेच्या स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली. मग म्हणाले, "सायेब, तवा ते खरंच क्यानडावर हुतं?"

"माहीत नाही, आबा."

"मला वाटलंच. बोट थरथरत हुतं तुमचं." ते हसले नाहीत. "पोरीला कळा आल्या तवाच माजा जीव जीपमदी जाऊन बसला हुता. पर आपुनच दिलेला हुकूम आपुन कसा मोडायचा? समदं गाव बगत हुतं. कुनाचा तरी रिपोर्ट पायजे हुता."

मग त्यांनी माझ्या हातातला गोल घेतला. "ह्यो हितंच ऱ्हाऊं द्या. नातीला दावायचाय. तिचा बाप कुठं हाय, त्येवडं बोट ठेवून द्या."

मी हिमालयाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं. या वेळी ते थरथरलं नाही. आबांनी लाल दोरा सोडून खिशात टाकला, माझ्या बोटाच्या जागी नखाने खूण केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीत माझी मांडी रिकामी होती. जगात काय कुठे आहे हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.