थरवाल्या सरांचं नायट्रेट

थरवाले सर काम करत असताना त्यांच्या टेबलाजवळ श्वास सोडायला बंदी होती. घ्यायला परवानगी होती. "सोडायचा तिकडं खिडकीत जाऊन," असं ते प्राचार्यांनाही सांगत आणि प्राचार्य निमूट जात. श्रीगोंद्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मलाही खिडकी दाखवण्यात आली.

सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे थर. पानावर पान ठेवावं तसे ते एकमेकांवर बसतात. मॅग्नेशियमच्या काही जागा अ‍ॅल्युमिनियम पटकावतं, त्याच्याकडे धनभार जास्त, म्हणून थराचा तोल जातो. तो सावरायला दोन थरांच्या मधे ऋणभाराचे पाहुणे येऊन बसतात, सोबत थोडं पाणी. सरांना तिथे नायट्रेट बसवायचं होतं, पिकाला हळूहळू नत्र देणारं खत व्हावं म्हणून. बसायचं मात्र कार्बोनेट, हवेतल्या आणि आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडपासून झालेलं. "नायट्रेट गरीब हाय, कुनी म्हनलं की उठतो. कार्बोनेट म्हंजे सोसायटीचा चेअरमन. एकदा बसला की बसला." वर्ग हसायचा. चेअरमनचा मुलगा पहिल्या बाकावर असायचा, तोही हसायचा.

याच नायट्रेटपायी सरांची पीएचडी अडली होती. नमुना पुण्याला क्ष-किरण तपासणीला जाई. तिथून येणाऱ्या आलेखावरून थरांमधलं अंतर कळतं. नायट्रेट बसलं तर जास्त, कार्बोनेट बसलं तर कमी. दर वेळी कमीच यायचं. निवृत्ती आणि पीएचडीची मुदत, दोन्ही तोंडावर आलेल्या. मार्गदर्शकांनी फोनवर सुचवलं, दुसऱ्या कुणाचा आलेख लावून टाका, कोण बघतंय? सर म्हणाले, "मी बघतोय की." आणि त्यात विरघळलेला वायू घालवायला पुन्हा पाणी उकळायला ठेवलं. मला त्यांचा रागच आला. एवढा हट्ट त्यांना परवडणारा नव्हता.

दोष सर कधी साखर कारखान्याच्या धुराड्याला देत, कधी माझ्या बडबडीला. खरा चोर कपाटात होता. जुनी बाटली संपल्याशिवाय नवी उघडायची नाही, हा नियम सरांचाच. थर बनवताना लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याची बाटली मी यायच्या कितीतरी आधीपासून उघडलेली. उघडा कॉस्टिक हवेतला वायू शोषून स्वतःच कार्बोनेट होत जातो, हे सर दरवर्षी पहिल्या वर्षाला शिकवत. एक दिवस मी त्यातल्या खड्यावर आम्ल टाकलं. ते फसफसलं. कार्बोनेटच तसं फसफसतं.

"म्हंजे येवढी वर्सं मीच घालत हुतो," सर म्हणाले. त्या दिवसापासून कुणाला खिडकीत पाठवणं बंद झालं.

नवी बाटली उघडली, नवा नमुना गेला. पुण्यात रांग होती. आलेख यायच्या आधीच मुदत संपली आणि सरही निवृत्त झाले. निरोप समारंभात अध्यक्षांनी मोठ्या मनाने त्यांना 'डॉक्टर' म्हटलं. सरांनी माईक मागून घेऊन ते दुरुस्त केलं.

आलेख आला तशी मी एसटीने काष्टीला त्यांच्या घरी गेले. सर लिंबाच्या बागेत पाणी धरत होते. नायट्रेट बसलं होतं. कागद पुढे करताना मला रडू आवरेना. सरांनी हात पुसले, कागद उन्हात धरला आणि उंच शिखराशेजारच्या एका बारीक उंचवट्यावर बोट ठेवलं.

"हितं जरासं कार्बोनेट राहिलंय. पुढचं आता तू कर. पन लिव्हशील तवा हे लपवू नको."

पुढचं मी केलं. माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेपर्यंत सर राहिले नाहीत. त्या दिवशी त्यांची फार आठवण येत होती. परीक्षकांनी तो आलेख पाहिला, "उत्तम" म्हणाले आणि पान उलटलं.

मी त्यांना ते पान परत मागे उलटायला सांगितलं.